टेसाने लिहिलेली रोशेल

विनिपेग, ९ नोव्हेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझ्या खाणीवर फोन लागत नाही, म्हणून लिहितेय. वर्गातल्या टेसाची कर्णफुलं मी हिसकावून नदीत फेकली. मण्यांची होती, तिच्या आईने ओवलेली. टेसाचं सतत ‘आईने हे केलं, आईने ते केलं’ चालू असतं.

वाटलं, शाळेतून काढतील. पण क्विल बाईंनी सगळ्यांना गोल बसवलं. टेसाची आई आली होती, माझ्या बाजूने लोर्ना मावशी. बाई म्हणाल्या, तो दिवस दोघींनी लिहायचा, पण एकमेकींच्या जागी बसून. मी टेसा होऊन लिहिलं, की कान दुखत होता, तरी घरी आईला काय सांगू याचीच भीती वाटत होती.

मग टेसाने वाचलं, मी होऊन. “मी काहीतरी मोठं केलं, तर शाळा माझ्या आईला बोलावेल. मग तिला यावंच लागेल.”

आई, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा.

आता शनिवारी टेसाच्या आईकडे मणी ओवायला शिकते. नवी जोडी करून द्यायचीय. बोटांची चाळणी झालीय. मावशी म्हणते, “सुई तरी तुला वळण लावेल!”

लोभ आहेच, कधी फोनही लागावा.

तुझी रोशेल

खाणीवरून, २० नोव्हेंबर

चि. रोशेल हिस आईचे खूप आशीर्वाद.

रागावले. इतकी भांडी आपटली की जेवायला आलेले खाणवाले म्हणाले, “मार्लीन, आज सूप आहे की लढाई?” मग पत्र पुन्हा वाचलं, आणि सुपात मीठच पडलं नाही.

बदली स्वयंपाकी मिळत नाही गं. नाताळाआधी रजा नाही. टेसाच्या आईला नमस्कार सांग. तिच्याकडे पोटभर जेव, पण तिला आई म्हणू नकोस हं.

आणि एकदा मी होऊन लिही. तुला मी कशी दिसते, बघू दे.

माया आहे तेवढी तुझीच.

आई

विनिपेग, ६ डिसेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

जोडी झाली. एक फूल तिरकं आलंय. टेसाने तेच आधी घातलं. आता मधल्या सुट्टीत आम्ही एकत्र बसतो.

तू होऊन लिहायला बसले. पहाटे उठते, खाणवाल्यांसाठी बॅनकच्या जाड रोट्यांची कणीक मळते, इथपर्यंत जमलं. ‘रात्री खोलीत येते आणि’ असं लिहिलं, तिथे अडले. खोलीत एकटी तू काय करतेस, मला माहीतच नाही. बाई म्हणाल्या, कल्पनेने लिही. मी नाही लिहिलं.

तेवढी जागा कोरी ठेवलीय. नाताळात ये, तू सांग, मी लिहीन.

तुझीच रोशेल