निवळीतला चीक

११ एप्रिल, शुक्रवार
चौधरी पुन्हा वर आले. कुरडयांसाठी आई गहू तीन दिवस भिजवते, त्याचं आंबूस पाणी नालीत जातं, समोरच्यांनी तक्रार केली म्हणे. "बहनजी, इस महीने के बाद छत पे ताला." घरमालक तेच, गच्ची त्यांचीच. दिल्लीत, या मुनिरक्याच्या दाटीत दुसरी गच्ची कोण देणार? बाबा गेल्यापासून घर कुरडयांवर चाललंय. आई वाळत घातलेल्या कुरडया उलटत राहिली.

१२ एप्रिल
वरच्या खोलीतल्या अनुरागदादाने तोड काढली. तो संशोधन करतो. गच्चीच्या कोपऱ्यात त्याचे आरसे आहेत. आरशांचं ऊन एका नळीवर पडतं, नळीत काळी पूड — उत्प्रेरक. (शब्द त्याच्याकडून लिहून घेतला.) पिठाचं सांडपाणी त्या तापलेल्या नळीतून गेलं की त्यातून अल्कोहोल निघतं. प्यायचं नव्हे, कारखान्यात लागतं तसलं. चौधरींनी विचारलं, "दारू तो नहीं बना रहा?" दादा म्हणाला, "पी के दिखाऊँ, अंकल? अस्पताल आप ले जाना." चौधरी हसले — पहिल्यांदाच.
ठरलं असं: गव्हाची निवळी दादा घेईल, नालीत थेंब जाणार नाही. पण महिनाअखेरपर्यंत त्याच्या सरांना निकाल दिसला नाही तर आरसे उतरणार. मग गच्चीही गेलीच.

१५ एप्रिल
निकाल नाही. दादा म्हणाला, "यार राजवीर, ह्यात स्टार्चच नाही. फार पातळ आहे." असणारच. निवळी म्हणजे वरचं पाणी. घट्ट चीक तळाशी बसतो, त्याच्या कुरडया होतात. झोप लागली नाही.

१६ एप्रिल
निवळी ओतून काढणं माझं काम. आज ओतताना वाटीभर चीकही दादाच्या कॅनमध्ये जाऊ दिला. पातेल्यातली पातळी उतरली, म्हणून तेवढंच पाणी घालून ढवळलं. पातेल्यावर चीक आधी जिथे होता, अगदी त्या खुणेपर्यंत. आईला कळणार नाही.

१७ एप्रिल
दादाने आकडा दाखवला. "बिल्कुल लाइनवर आलंय!" आता रोज दोन वाट्या.

२१ एप्रिल
आई चिकाइतकंच पाणी उकळायला ठेवते. आयुष्यभर तेच माप. गेले चार दिवस चीक शिजून सैल होतोय. सोऱ्यातून वेढे पडत नाहीत, तुकडे पडतात. आधी म्हणाली, गहू वाईट. दुसरा आणवला. आज म्हणाली, ऊन बदललंय.

२४ एप्रिल
करोल बागेच्या स्वानंदीकाकू विकत नेलेल्या कुरडयांची पिशवी परत घेऊन आल्या. "सखूताई, रागावू नका हं. कढईत टाकली की चुरा होतोय. मुलीच्या सासरी पाठवायच्या होत्या." आई म्हणाली, "थांबा, बदलून देते." बदलून दिलेल्याही तशाच होत्या. तिला माहीत होतं. मलाही.
काकू गेल्यावर ती स्वतःचे हात बघत बसली. "हात गेला रे माझा. आईचा साठीनंतर गेला, माझा आत्ताच."
सांगायला तोंड उघडलं. पण थोडेच दिवस राहिलेत. गच्ची पक्की झाली की चीक सगळा तिचा. तेव्हा सांगेन. पाणी प्यालो आणि आरसे पुसायला वर गेलो.

२९ एप्रिल
सर येऊन गेले. आरसे राहणार, पुढचं वर्षभर! चौधरींनी गच्चीची किल्ली माझ्याच हातात दिली. "रख ले, वैज्ञानिक." जिन्यातून पळत खाली आलो.
आई म्हणाली, "बरं झालं. अनुरागचं काम झालं." सोऱ्या दुपारीच स्वानंदीकाकूंना देऊन आली होती. पितळी, तिच्या आईचा. "त्यांची सून शिकतेय. पडून राहण्यापेक्षा बरं."
मग सगळं सांगितलं. वाट्या, पाणी, खूण — काही लपवलं नाही. तिने शेवटपर्यंत ऐकलं, डोक्यावरून हात फिरवला. "समजूत काढायला किती छान खोटं रचलंस."
पुन्हा सांगितलं. म्हणाली, "जेवून घे."

३० एप्रिल
फळीवरची सोऱ्याची जागा रिकामी आहे, गहू भिजवायचं पातेलं पालथं. आईने गच्चीची किल्ली तिथे ठेवली. सकाळी दादा कॅन घेऊन दारात — "चलो राजवीर, आजचं पाणी?"