बाराव्या ओळीनंतर

प्रिय चिमटे,

मंगळवार, १२ ऑगस्ट, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. कोर्टातलं घड्याळ चार मिनिटं पुढे असतं, ती वजा करून सांगतेय. धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतलेली तू माझ्याकडे न बघता न्यायाधीशांना म्हणालीस, "बारा ओळी लागल्या. पुढे नुसतं गिरबटलंय, वाचता येत नाही."

गिरबटलंय म्हणे. अडतीस वर्षं त्याच इमारतीत मी शॉर्टहँड लिहिलं. साक्षीदार ढसाढसा रडोत की वकील टेबलं बडवोत, माझी एक खूण कधी तिरकी गेली नाही. हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? एका बाकावर, एकाच सिस्टरच्या हाताखाली शिकलो आपण. चॅपलमध्ये सगळ्या डोळे मिटून बसल्या की तू मला चिमटे काढायचीस आणि ओरडले म्हणून शिक्षा मला व्हायची. सिस्टरने स्वतः बसवलेल्या जोडखुणा दुसऱ्या कुठल्या शाळेत शिकवत नसत. वर्गातल्या सातजणींपैकी आता आपण दोघीच उरलोय. मी मेलेल्याची बायको, माझं टिपण मीच वाचलं तर मनचं वाचेन, असं आरोपींचा वकील म्हणाला. कायद्याने त्याचं बरोबरच होतं. तुझं नाव मीच सुचवलं.

जानेवारीत घरोघरी एक कागद आला. 'या घरात देव मानतात' असं छापलेला, दारावर चिकटवायचा. तू तर फ्रेम करून लावलास. मीही लावायला निघाले होते, कारण मी मानते, अजूनही मानते. ह्यांनी तो माझ्या हातून घेतला, खाली पेनाने लिहिलं, 'एकजण मानते, एकजण मानत नाही, जेवायला दोघं एकाच टेबलाशी बसतात,' आणि आमच्या चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर लावला. मी हसले. तेव्हाच तो फाडून टाकला असता तर, हा विचार रोज सकाळी माझ्या आधी उठून बसलेला असतो.

२३ फेब्रुवारीला, रविवारी बाराच्या सुमारास, दुकानात सहाजण शिरले. मी मागच्या खोलीत, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी, ह्यांचा डबा उघडत होते. बाहेर त्या कागदावरून बाचाबाची झाली आणि माझ्या दाराला बाहेरून कडी पडली. एका हाताने मी दार बडवत राहिले. दुसरा हात ह्यांच्या नंबर लिहायच्या पॅडवर बाचाबाचीच्या पहिल्या शब्दापासूनच आपोआप चालत होता. समासात वेळ, बोलणाऱ्यांच्या आवाजांना आकडे, एक ते सहा, कोर्टात लिहायचे तसंच. तो हात थरथरलासुद्धा नाही. त्याची मला लाज वाटते, आणि आज माझ्याकडे जे काही आहे ते त्याच हाताने दिलेलं आहे.

आधी कपाटं फुटली. मग फ्रेमा पायाखाली चिरडल्या. पहिला म्हणाला, गुडघे टेक आणि देव आहे म्हण, एकदाच म्हण, आम्ही जातो. हे म्हणाले, "टेकतो बाबा, ऑपरेशन झालंय, जरा वेळ लागेल." कोणीतरी हसलं. मग हे म्हणाले, "चाळीस वर्षं त्या तक्त्यासमोर लोकांना बसवून सांगतोय, दिसतं तेवढंच वाचा. न दिसणारं वाचा असं कोणाला सांगितलं नाही. मग मी कसं वाचू?" पहिला फटका त्या गुडघ्यावरच बसला. हाड मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो, बाटलीचं बूच निघावं एवढाच असतो. मग त्यांची बोटं काउंटरच्या खणात धरून खण ढकलला, तीनदा. म्हण. नाही. म्हण. नाही. सतरा वेळा आहे ते कागदावर. शेवटी चौथा म्हणाला, "हा असा म्हणणार नाही. रॉड इकडे दे." त्यानंतर ह्यांचा आवाज त्या कागदावर नाही. कडी शेजारच्या शिंप्याने काढली. ह्यांचा चेहरा मी शर्टावरून ओळखला. तिसऱ्या दिवशी गेले.

एक शब्द म्हटला असता तर वाचले असते, असं तुझ्या प्रार्थनामंडळातल्या बाया मला सांत्वनाला येऊन सांगून गेल्या. अगदी खरं आहे. जीव वाचवायलाही त्यांना खोटं बोलता आलं नाही, आणि त्यांना तर वरून कोणी बघतंय याची भीतीही नव्हती. तू रोज दोनदा गुडघे टेकतेस. तुझे गुडघे चांगले आहेत.

मी पहिल्या रांगेत होते. तुझं बोट ओळीखालून सरकत होतं, लहानपणी सरकायचं तसंच. तेराव्या ओळीच्या मधोमध ते थांबलं. तू चष्मा काढून पुसलास, ह्यांनीच करून दिलेला, परत लावलास, आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचलीस. न लागणारी ओळ कोणी दोनदा वाचत नाही.

त्या ओळीत चौथा म्हणतो, "आत मावशी आहे. तिला कोणी हात लावायचा नाही. बाहेरून कडी घाला." गल्लीत सगळे मला काकू म्हणतात, दुकानात बाई म्हणतात. मावशी म्हणणारा जगात एकच आहे, तुझा मुलगा. तू आजारी होतीस तेव्हा सहा महिने तो माझ्या मांडीवर होता, आणि त्याचा पहिला चष्मा ह्यांनी त्याच काउंटरवर त्याच्या नाकावर बसवला होता. आवाज मी तेव्हाच ओळखला. पोलिसांना आकडे दिले, नाव दिलं नाही, कारण तो माझ्या शब्दाने तुरुंगात जायला नको होता. तो भित्रेपणा आता संपला. पुढची तारीख २६ ऑगस्ट आहे. त्या दिवशी मी पिंजऱ्यात उभी राहून त्याचं नाव घेईन, आणि तू काय वाचलंस तेही सांगेन. त्याआधी, सोमवारी २५ तारखेला संध्याकाळी पाचला कचेरी बंद होण्यापूर्वी, सगळ्या ओळी साध्या अक्षरात उतरवून तू स्वतः कोर्टात दे. देणार की नाही, ते मला त्याच वेळेच्या आत लेखी कळव. फोन करू नकोस, दारात येऊन रडू नकोस. आणि उत्तर आपल्या खुणांमध्येच लिही. मला वाचता येतात.

तुझीच,
फटकळ