टिटवीचं सुकाणू

११ एप्रिल, रविवार सकाळ

प्रिय इंजिनसाहेब,

तुझी बोट सध्या कुठल्या समुद्रात आहे ते कळायला मार्ग नाही, म्हणून हे पत्र कंपनीच्या पत्त्यावर टाकतेय. तू खुशाल असशील, वेळेवर जेवत असशील आणि इंजिनरूममधल्या उकाड्यात पाणी पीत असशील असं धरून चालते.

इकडे सगळं ठीक. न्हाणीघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. चष्म्याच्या दुकानात काम भरपूर आहे. परीक्षा संपल्या की मुलांचे डोळे तपासायची आयांना आठवण होते. आई मजेत आहेत. भूक चांगली लागते, झोप शांत लागते. नाकाचं साल तेवढं निघालंय, पण मलम लावतेय.

आपली विकायला काढलेली होडी, टिटवी, बघायला तू पाठवलेले दातांचे डॉक्टर येऊन गेले. भला माणूस. टिटवीच्या जोडीने बांधलेल्या दोन्ही अरुंद सांगाड्यांत वाकून एकेक बिछाना बघितला, मधल्या खोलीतली शेगडी पेटवून बघितली, पुढे दोन सांगाड्यांमध्ये ताणलेल्या जाळीवर चक्क आडवे झाले. ‘एवढीशी होडी आणि एवढी उंच डोलकाठी?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘हलकी आहे ना, म्हणून पळते. फिरायला जायची होडी आहे, पण हिला रमतगमत जाणं माहीत नाही.’ त्यांचं काय ठरलं ते पुढे लिहिते.

आधी दुसरी बातमी. बेटाला वळसा घालून यायची शर्यत झाली, आणि मी उतरले होते. रागावू नकोस. टिटवी विकायचीच तर एकदा तिला मोकळं सोडून बघावं, एवढंच मनात होतं. बेकरीवाली मैत्रीण बरोबर येणार होती, पण आदल्या दिवशी मैद्याचं पोतं उचलताना तिची कंबर धरली. प्रत्येक होडीवर दोघं हवीतच, असा नियम. मी सकाळी तोंड पाडून चहा ढवळत बसले होते. शेवटी एक ओळखीचं माणूस मिळालं. अनुभव शून्य, पण तयारी दांडगी.

सुरुवातीला वारा नावालाच होता. धक्क्यावर सगळे आपल्या होडीला ‘दोन चपला’ म्हणतात, ते तुला ठाऊक आहे. होड्यांच्या क्लबचे सेक्रेटरी त्यांच्या भारी होडीवरून ओरडले, ‘काय हो, आज चपला घालून फिरायला का?’ माझ्या माणसाने तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी सांगेन तेव्हा दोर ओढायचा, सांगेन तेव्हा सैल करायचा, एवढंच काम, आणि ते चोख. जरा वारा सुटला आणि टिटवी सुटली. मोठ्या होड्या एका कुशीवर कलून धापा टाकत होत्या आणि आम्ही सपाट पाण्यावरून सरकत होतो. मधेच एक होडी आडवी आली, तेव्हा माझं माणूस उभं राहून अशा आवाजात गरजलं, ‘ओ, पुढे सरका! वाट अडवून उभे राहू नका!’ की ती होडी खरंच बाजूला झाली.

आता तुला कळलंच असेल. असा आवाज आपल्या ओळखीत एकाच माणसाचा आहे, आणि त्या माणसाने सगळी नोकरी बसमध्ये तिकिटं फाडण्यात घालवलीय.

हो. आईच होत्या.

तू कपाळाला हात लावला असशील. पण मी त्यांना नेलं नाही, त्या आल्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, ‘मी चालेन का?’ मी म्हटलं, ‘आई, समुद्र आहे. तुमचा गुडघा, तुमचं ते पडणं...’ तर म्हणाल्या, ‘मी न्हाणीघरात पडले. तिथे कुठे समुद्र होता?’

यावर तू काय म्हणाला असतास? पडल्यापासून त्या जिना उतरल्या नव्हत्या. तू प्रेमाने जागोजागी दांडे बसवलेस, वन्संनी त्यांच्या तळमजल्यावर खोली तयार करून ठेवली, मी भाजीसुद्धा हातात आणून दिली. सगळ्यांनी मिळून त्यांना खिडकीत बसवलं. खाली बस थांबली की त्या मान पुढे काढून बघायच्या. ते मी रोज बघत होते आणि चहा देऊन दुकानात जात होते. म्हणून त्या दिवशी मी फक्त त्यांचे बूट शोधून दिले आणि अंगात तरंगतं जाकीट नीट आवळून बांधलं.

बेटाला वळसा घातला तेव्हा आमच्या पुढे एकच होडी होती, सेक्रेटरींची. आणि परतीच्या वाटेवर पाणी काळं पडलं. जोराचा वारा येत होता. शीड आखडायला हवं होतं, पण ते खाली घ्यायचा दोर वर अडकला. कुणीतरी डोलकाठीपाशी जाऊन तो सोडवायचा, कुणीतरी सुकाणू धरायचं. होडीवर माणसं दोन.

‘आई, हा दांडा धरा. समोरच्या दीपस्तंभाकडे नाक ठेवा.’

‘कुणाचं? माझं की होडीचं?’

‘दोघींचं!’

मी डोलकाठीला मिठी मारून दोर उपसत होते तेव्हा पहिला झोत आदळला. उजवा सांगाडा पाण्याबाहेर आला. हळूहळू, अगदी गेल्या वर्षी तू आणि मी होतो तेव्हा आला होता तसाच. हाक मारायला तोंड उघडलं, आणि मागे बघते तर आईंनी त्यांच्या हातातला शिडाचा दोर आधीच सैल केला होता. सकाळी मी एकदाच सांगितलं होतं, ‘एक बाजू उचलली की हा सोडायचा.’ पाय फाकवून, पाठ टेकवून उभ्या होत्या, वळणावरच्या बसमध्ये उभ्या राहायच्या तशा. एका हातात सुकाणू, दुसऱ्यात दोर. सांगाडा धप्पकन पाण्यात बसला, दोघी नखशिखांत भिजलो, आणि आई हसल्या. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

दोर सुटला, शीड आखडलं. मी मागे येऊन सुकाणूला हात लावला तर म्हणाल्या, ‘राहू दे. मला जमतंय. तू बाकीचं बघ.’

मी बाकीचं बघितलं. सेक्रेटरींची होडी वाऱ्याने पार आडवी झाली होती, त्यांची माणसं शिडाशी झोंबत होती. आम्ही त्यांच्या शेजारून गेलो. आईंनी एक हात वर करून त्यांना नमस्कार केला. बंदराच्या तोंडाशी भोंगा वाजला तो आमच्यासाठी. सगळ्या होड्यांत पहिल्या! बेकरीवाली कंबर धरून धक्क्यावर नाचत होती. मागून आलेले सेक्रेटरी स्वतः धावत आले आणि आईंना हात देऊन वर घेतलं.

दातांचे डॉक्टरही गर्दीत होते. म्हणाले, ‘मी घेतो होडी, आत्ता घेतो!’ मी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, ‘गाडी भरली. मागच्या बसने या.’

तेव्हा टिटवी विकलेली नाही. तुझं म्हणणं, ती पडून राहते. ती पडून राहते कारण तू तिच्यावर पाय ठेवत नाहीस, हे मी कधी बोलले नाही. आज लिहिते. गेल्या वर्षी सांगाडा उचलला तेव्हा तू घाबरलास. मीही घाबरले होते. यात लाजण्यासारखं काही नाही रे. डोंगराएवढ्या बोटीचं इंजिन सांभाळणाऱ्याने एवढ्याशा होडीत घाबरू नये, असं कुणी सांगितलं? आईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मीही जिन्याला घाबरत होतेच की. त्याला लिही, ये म्हणावं.’

वन्संना तळमजल्याच्या खोलीसाठी नको म्हणून कळवलंय. कळवलं आईंनीच, फोनवर, त्याच आवाजात. आता रोज संध्याकाळी दोघी टिटवीवर जातो. पुढच्या महिन्यात तुझी बोट आपल्या बंदरात येईल तेव्हा डेकवर उभा राहा आणि खाली बघ. आम्ही बंदराबाहेर येऊन तुझ्या बोटीच्या बाजूने चालणार आहोत, जमेल तेवढ्या जोरात. तू उतरलास की पहिल्या फेरीला नुसता जाळीवर पालथा पड आणि पाणी बघ. सुकाणू तुझ्या हातात देणार नाही. आई देतील असं वाटत नाही.

जपून राहा.

समुद्रावरून वाट बघणारी
तुझीच