टॅबच्या पाठीवरचं नाव

कन्नड
९ जून २०२४

ती. आत्यास,
मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कडूबाकाकांच्या जीपनं पाठवतेय. फोनवर मनातलं बोलायची इथं सोय नाही. आई स्पीकर लावते, मग ओसरीवर बसलेला पाहुणासुद्धा आपलं मत देतो.

एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या यादीत माझं नाव लागलंय. अण्णांना सांगितलं तर ते नुसतं हूं म्हणाले आणि विहिरीवरची मोटार चालू करायला गेले. त्या हूंचा अर्थ लावत मी दोन दिवस बसलेय. चैत्रात वाळूजचे लोक मला बघून गेले होते, त्यांचं पुढं काय झालं तेही कुणी सांगत नाही. विचारलं की आई म्हणते, तुला काय करायचंय. मला काय करायचंय! जीव टांगणीला लागलाय माझा.

तरी एक काम कर. तिथं तुमच्या विद्यापीठात वर्गात सगळं पीडीएफवर असतं म्हणे. फुटक्या मोबाईलवर गणितं वाचून डोळे चुरचुरतात. मला एक टॅब बघून ठेव. शिकवण्यांचे पैसे साठवलेत. स्क्रीन मोठा हवा आणि सोबत पेन हवंच, कारण गणित टाइप करता येत नाही, हातानंच सोडवावं लागतं. टॅब घेतला की आपण खरंच जाणार असं मला तरी वाटेल.

मामांना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
मोनिका


छत्रपती संभाजीनगर
१३ जून २०२४

चि. मोनिकास,
सुरेखाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग तुझ्या मामांना मोठ्यानं वाचायला लावलं. पहिल्या यादीत नाव! आपल्या अख्ख्या खानदानात गणिताला कुणी हात लावला नव्हता, लावलाच तर गणितानंच आपल्याला लावला.

काल शहागंजात जाऊन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानातल्या पोरानं विचारलं, मुलासाठी का. मी म्हटलं, मुलीसाठी. तर त्यानं लगेच छोटा गुलाबी काढला. असा संताप आला! त्याला सुनावलं की पोरगी एम.एस्सी.ला चाललीय, बाहुलीचं लग्न लावायला नाय. मग त्यानं गुमान मोठा काढला. काचेवर पेनानं लिहून दाखवलं. मी पण सतराचा पाढा लिहून बघितला. लई गुळगुळीत चालतं गं ते. दुसऱ्या दुकानात पेन वेगळं घ्यावं लागतं, आणि ते त्याच कंपनीचं नसलं तर नुसती काडी. म्हणून पहिल्याच दुकानातला पक्का केलाय.

पण एक सांगू? तुझ्या बापाचं ते हूं मी ओळखते. मला दहावीनंतर घरी बसवलं तेव्हा आमच्या वडलांनी भांडण केलं नव्हतं, रागावले पण नव्हते. मी पुढं शिकू का विचारलं, तर त्यांनी असंच हूं केलं होतं. तू दादाकडून धड हो नायतर धड नाय वदवून घे.

माझी खोली तुझ्यासाठी झाडून ठेवलीय. जिवाला जप.

तुझी,
सुरेखाआत्या


कन्नड
१७ जून २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, नवल घडलं! काल जेवताना अण्णांनी आपणहून विचारलं की उच्च शिक्षणाला कोणता टॅब चांगला. माझा घास हातातच राहिला. मी सगळं सांगितलं: स्क्रीन, पेन, तू शहागंजात बघितलेला. त्यांनी खिशातल्या कागदावर लिहूनसुद्धा घेतलं. स्पेलिंग मी सांगितलं. आईनं पहिल्यांदाच मध्ये तोंड घातलं नाही. शिकवणीचे पैसे द्यायला गेले तर म्हणाले, ते तुझ्याकडं राहू दे.

उगाच काहीबाही मनात आणलं मी त्यांच्याबद्दल. अण्णा परवा तिकडं येतील. त्यांना ते दुकान तूच दाखव, नाहीतर दुकानदार त्यांना गुलाबीच देईल.

उड्या मारत आहे,
मोनिका


छत्रपती संभाजीनगर
१९ जून २०२४

चि. मोनिकास,
आशीर्वाद.

टॅब घेतला! तोच, पेनवाला. दादा दुकानात अर्धा दिवस बसला, काच तीनदा वाजवून बघितली, खरबूज घेतो तशी. पेन हरवलं तर काय, वॉरंटी कुणाच्या नावावर, सगळं विचारलं. मी म्हटलं, बघा, माझा भाऊ! येताना मी त्याला चहा पाजला, आणि डोळ्याला पदर लावला ते त्याच्यापासून लपवलं.

खोका त्याच्याबरोबर पाठवलाय. उघडलास की मला कळव.

तुझी,
सुरेखाआत्या


कन्नड
२१ जून २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

खोका उघडला.

आज आई बाजारातून भांडी घेऊन आली. ताटं, तांब्या, समई. सगळ्यांवर नाव घालून आणलं होतं. खोकाही त्याच पिशवीत होता. मला वाटलं, कव्हर घ्यायला नेला असेल. टॅब बाहेर काढून उलटा केला तर पाठीवर सुईनं कोरलंय: चि. शिवराज यांस सप्रेम भेट, सोमनाथ पाटील, कन्नड.

शिवराज म्हणजे वाळूजचा मुलगा, चैत्रात बघून गेलेला. त्यांचा होकार तेव्हाच आला होता. त्याला कंपनीत बढती हवीय म्हणून तो घरबसल्या एमबीए करणार आहे. त्याच्या अभ्यासाला टॅब द्यायचा असं बोलणीत ठरलं होतं. येत्या रविवारी साखरपुडा आहे. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

भांड्यावर नाव घालणारा माणूस तयार नव्हता म्हणे, बिघडेल म्हणाला. पण आईनं त्याला समजावलं की देण्याच्या वस्तूवर नाव नसलं तर दिलं कुणी ते कळत नाही. आईला त्यात काही वावगं वाटत नाही गं. तिनं मला ती अक्षरं बोट फिरवून दाखवली, किती सुबक आलीत म्हणून. आणि म्हणाली, पेन जपून ठेव, जावयाला लागेल.

अण्णा माझ्याशी खोटं बोललेच नाहीत. उच्च शिक्षणाला कोणता, एवढंच त्यांनी विचारलं. कुणाच्या, ते मीही विचारलं नाही. माझ्या हातानं मी निवडून दिला, आत्या. स्पेलिंगसकट.

दुकानदार परत घेईल का? तू अण्णांनाही सांगून बघ. माझं इथं कुणी ऐकत नाही.

मोनिका


कन्नड
२६ जून २०२४

चि. सौ. सुरेखा हिस,
सोमनाथचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. रविवारी भरल्या पंगतीत तू ताटावरून उठून गेलीस. व्याह्यांसमोर मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. दुकानदार टॅब परत घेईल का, हे विचारायला तू गेली होतीस हेही मला कळलं. नाव घातलेली वस्तू कोण परत घेतो? आणि घेतला असता तर मी पाहुण्यांना काय दिलं असतं?

तुला वाटतं मी पोरीचा वैरी आहे. मी अडाणी असेन, वैरी नाही. नीट विचार कर. टॅब गेला कुठं? जावयाच्या घरात. मोनिका जाणार कुठं? त्याच घरात. मग तो तिच्यापासून दूर गेला कसा? दोघं मिळून वापरतील. तिला आवडलेलाच घेतला मी, स्वस्तातला घेऊन फसवलं नाही.

तिच्या शिक्षणाचंही मी बोललो. लग्नानंतर बघू म्हणाले. एवढं तरी कोण म्हणतं? लग्न दिवाळीनंतर आहे, पण ठरलेली पोर तोवर शहरात एकटी ठेवणं बरं दिसत नाही, कुणी काही उठवलं तर निस्तरायचं कुणी? यादीत नाव पुन्हा लागेल. असं स्थळ पुन्हा लागायचं नाही.

तुला दहावीनंतर थांबवलं, तुझा संसार काही वाईट झाला का? राग सोड आणि लग्नाला चार दिवस आधी ये. भाऊ आहे मी तुझा, एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
दादा


छत्रपती संभाजीनगर
११ जुलै २०२४

चि. मोनिकास,
आत्याचा आशीर्वाद, कामाला येत नाय तरी.

प्रवेशाची मुदत काल संपली. मी सकाळीच तुझ्या गुणपत्रिकेची झेरॉक्स घेऊन विद्यापीठात गेले होते. खिडकीतल्या बाईनं चांगुलपणानं ऐकून घेतलं, पण सही विद्यार्थिनीचीच लागते म्हणाली. तू येशील म्हणून खिडकी बंद होईस्तोवर बसले. जीपवाल्या कडूबाला सांगून ठेवलं होतं, त्याला दादानं चौकातूनच परत पाठवलं म्हणे.

दादाच्या पत्राला मी उत्तर दिलं नाय. माझा संसार वाईट झाला का, असं विचारतोय. काय लिहू? नाय झाला वाईट. तुझे मामा देवमाणूस आहेत. पण अजून कुणाच्या पोरीचा निकाल लागला की मी दार लावून घेते, हे त्याला कसं सांगू? दुकानात मी त्याच्या शेजारी बसले होते गं. कुणासाठी घेतोस, हे एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाय. हरले मी पोरी. तुझ्यासाठी काही करता आलं नाय मला.

खोली तशीच आहे. कधीही ये.

तुझी,
सुरेखाआत्या


वाळूज
२४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लग्नापासून तुला लिहिलं नाही, रागावू नको. लिहिण्यासारखं काही होत नव्हतं. इथं मला कुणी त्रास देत नाही. सासूबाई जेवायला थांबतात. हे दारू पीत नाहीत, हात उचलत नाहीत. यापुढं तक्रार केली तर लोक मलाच वेड्यात काढतील.

एम.एस्सी.चं मी एकदा विचारलं. हे म्हणाले, आधी माझं होऊ दे. मला खरंच पटलं ते, घरात दोघांचे अभ्यास कसे चालणार. शिफ्ट करून हे दमून येतात, पुस्तक छातीवर ठेवून झोपतात. एकदा स्वाध्याय द्यायची मुदत संपत आली होती. मला म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, एवढं लिहून दे. मी लिहिलं. पुढचा पण लिहिला. मग सगळेच माझ्याकडं आले. भाकरी झाल्या की मी टॅब घेऊन बसते. संख्याशास्त्राचा पेपर तर मला इतका आवडला की एकच गणित तीन रीतींनी सोडवून ठेवलं. परीक्षेआधी प्रश्न-उत्तरं काढून त्यांना रोज तासभर शिकवलं. ते ऐकतात, आत्या, हुशार आहेत. त्यांना फक्त शिकावंसं वाटत नाही. आणि मला वाटतं, म्हणून मीच करते.

परवा पहिल्या वर्षाचा निकाल लागला. हे फर्स्ट क्लासमध्ये आले. सासूबाईंनी गल्लीभर पेढे वाटले, अण्णाही कन्नडहून आले आणि जावयाला त्यांनी सगळ्यांसमोर मिठी मारली. सगळ्यांचं झाल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या की नवऱ्यानं एवढा अभ्यास केला, तूही तोंड गोड कर. आणि माझ्या हातावर एक पेढा ठेवला.

मी खाल्ला.

तुझी,
मोनिका