तिघींत एक अंक

शनिवार, ३ फेब्रुवारी

पहिली आली ती रेडिओ. तिलाच कायम घाई! कडी काढायचा अवकाश, एक चप्पल इकडे, एक तिकडे, आणि "आजी, आला का अंक?" करत सरळ माझ्या खाटेवर. मग दातवाल्या डॉक्टरांची लांबडी आली. मुलींच्या त्या पाक्षिकाचा अंक तिच्याच हातात. पेपरवाला तिच्या वाटेवर आहे म्हणून आणायचं काम तिचं. आमच्या नातीचं काम जागा द्यायचं. जागा म्हणजे आमची दोघींची खोली — अर्धी तिची, अर्धी माझी. अंकाच्या शनिवारी सगळी त्यांची. मी आपली उशाशी पाय आखडून बसते.

आणि वाचायचं काम रेडिओचं. शिवणकामवाल्या बाईंची ही मोठी. रेडिओ म्हणतात ते उगाच नाही — तोंड एक, आवाज छप्पन्न. अंकात त्या गाण्याच्या चौकडीची मुलाखत असली की चौघांचे चार आवाज काढते. वर मुलाखत घेणाऱ्या बाईचा पाचवा, नाकातला.

चौकडीतल्या प्रत्येक मुलाला अंकवाल्यांनी एकेक शब्द चिकटवून दिलाय. एक खोडकर, एक लाजरा, एक कवी. चौथा मागे बसून ड्रम बडवतो, त्याला काहीच नाही. खोडकर नातीचा, लाजरा लांबडीचा, कवी रेडिओचा. मला विचारलं, "आजी, तुमचा कोण?" म्हटलं, उरलाय कोण? "ड्रमवाला!" मग तोच माझा. बिचाऱ्याचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. म्हटलं, दंड बघा त्याचे, कामाचा माणूस आहे! तिघी गडाबडा लोळल्या.

मधलं मोठं पान काढून द्यायचं काम माझं. पिना सुरीच्या टोकाने उचलायच्या, कागद फाटू द्यायचा नाही. आज खोडकर निघाला. नातीने भिंतीवर लावलासुद्धा.

सोमवार, ५ फेब्रुवारी

दुपारी घर रिकामं. मुलगा लिफ्टदुरुस्तीला, सूनबाई औषधाच्या दुकानात. अंक घेऊन बसले. माझी शाळा तिसरीपर्यंत, जोडाक्षर आलं की बोट थांबतं. पण यांचं बोलणं सोपं. "तुला एक सांगू?" "हे फक्त तुझ्यासाठी हं!" "कोणाला कळू देऊ नकोस!" आमचा भाजीवाला अस्साच. "काकू, तुमच्यासाठी म्हणून बाजूला काढून ठेवलीय" — आणि माझ्या मागच्या काकूंनाही तेच. कळतं सगळ्यांना. तरी पिशवी पुढे होतेच की!

लाजऱ्याचे आठ फोटो. इतका लाजतो तर आठ वेळा उभा कसा राहिला कोण जाणे.

एक पान प्रश्नांचं होतं. तुला समुद्र आवडतो की डोंगर, रागावलीस की रडतेस की दार आपटतेस. शेवटी बेरीज करायची आणि आपल्याला कोण शोभतो ते बघायचं. मी केली. खोडकर आला! नातीला सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी ही मुलगी माझ्याशी दिवसाला चार शब्द बोलायची. हो, नाही, माहीत नाही. कानात ती गाणी ऐकायची बोंडं, तोंड भिंतीकडे. मला वाटायचं, म्हातारीचा वास येतो की काय हिला. आता शनिवार आला की मीच आधी उठून चादर बदलते.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

मोठी बातमी! अंकाच्या कचेरीतून दोघीजणी उद्या आपल्याकडे येणार. नातीने मागे एक कूपन भरून पाठवलं होतं — "तुझी खोली बघायला आम्ही येऊ का?" वगैरे. सूनबाई म्हणाली, "परीक्षा तोंडावर आणि ही नाटकं!" पण तिनेच पडदे धुतले.

शनिवार, १७ फेब्रुवारी

आल्या! एक चष्मेवाली, जरा वयाने मोठी. दुसरी पोरसवदा, खांद्याला ही मोठी झोळी, झोळीत टेप. टेप मध्ये ठेवला आणि विचारायला लागल्या — काय आवडतं, का आवडतं, आधी कुठलं पान उघडता.

आमच्या तिघी कशा बसल्या होत्या म्हणून सांगू! गुडघे जुळवून, हात मांडीवर, जशी वर्गात तपासणी चाललीय. नात म्हणाली, "त्याच्या डोळ्यांत एक खट्याळ चमक आहे." लांबडी म्हणाली, "तो मनाने फार हळवा आहे." मी बघतच राहिले. हे सगळं अंकातलंच, शब्दाला शब्द! एरवी काय म्हणतात? "ए, याचे कान बघ, कपाच्या कानासारखे!" "हा केस कधी धुतो का गं?" पण त्या बाया विचारतात आणि या त्यांचंच त्यांना वाढतात. त्याही लिहून घेतात, खूश होऊन.

मग मुलींचा फोटो काढायला झोळीवाली त्यांना जिन्यात घेऊन गेली, आणि चष्मेवाली माझ्याजवळ चहा पीत बसली. फार गोड बोलली. "आजी, तुम्ही रोज बघता. मुली कशा वाचतात हो?" मला काय, कोणी विचारायचाच अवकाश! सांगितलं सगळं. म्हटलं, तुम्ही लिहिता "फक्त तुझ्यासाठी", आणि अंकात चित्रही काढता एकटी पोर पलंगावर पालथी पडून वाचतेय म्हणून. मी अशी एकटी कधी पाहिलीच नाही. या तिघी मिळून एक अंक घेतात, मोठ्याने वाचतात, पोट धरधरून हसतात. मग तोच अंक रेडिओच्या धाकटीकडे जातो, तिथून तिच्या वर्गात. परत येतो तेव्हा पानं मऊ झालेली असतात, फडक्यासारखी.

"तिघींत एकच?" बाईंनी कप खाली ठेवला.

"एकच! पुरतो की."

"आणि पोस्टर?"

"जिचा असेल तिची. वाटे ठरलेत."

हे त्यांनी दोनदा लिहिलं. जाताना म्हणाल्या, "आजी, आज सगळ्यात जास्त उपयोग तुमचाच झाला. परत येऊ आम्ही." मुलींच्या देखत म्हणाल्या!

रविवार, १८ फेब्रुवारी

त्या जाताना बघितलं, टेप माझ्या चहाच्या वेळीही चालूच होता. माझं बोलणं टेपात! मुलाला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "हो आई, ऐकलं."

शनिवार, ३ मार्च

रेडिओला सर्दी. तरी चार आवाज काढलेच — चौघांनाही सर्दी झालेली! मधल्या पानावर कवी. ती घडी करून पोटाशी धरून घेऊन गेली.

शनिवार, १७ मार्च

आज भलतंच झालं.

मधलं पान काढलं तर एका बाजूला खोडकर, दुसऱ्या बाजूला लाजरा! पाठीला पाठ. नात म्हणते माझा, लांबडी म्हणते माझा. भिंतीला लावायचं तर एकाचं तोंड भिंतीकडे. "एक आठवडा तुझ्याकडे, एक आठवडा माझ्याकडे," रेडिओ म्हणाली. "आणि मग टाचण्यांनी चाळण होऊ दे!" लांबडी म्हणाली. नात म्हणाली, "गेल्या वेळीसुद्धा टाचण्या तूच—" आणि मग गेल्या वर्षीच्या वहीपासून सगळं निघालं. वाचणं राहिलंच. लांबडी दार आपटून गेली. (रागावलीस की काय करतेस, तिचं उत्तर कळलं.)

दिवे लागायच्या आत डॉक्टरांची लांबडी स्वतःचा वेगळा अंक घेऊन आली, कोपऱ्यावरूनच नातीला दाखवला आणि गेली.

मंगळवार, २० मार्च

बोट ठेवून वाचत होते. प्रश्नांचं पान यावेळी रिकाम्या जागा भरायचं केलंय, पेनाने. वर नाव घालायची जागा, एकच. आणि खाली मोठ्या अक्षरात — "ही पानं मैत्रिणीला दाखवू नकोस! तिला म्हण, तुझा तू घे."

दोनदा वाचलं.

हे माझं बोलणं आहे! तेच, उलटं करून छापलेलं — ते पाठीला पाठ पोस्टरसुद्धा. गोड बोलून माझ्याकडून काढून घेतलं आणि मी दिलं, वर चहा पण दिला.

शनिवार, ३१ मार्च

चादर बदलली होती. कोणी आलं नाही.

नातीने आपला अंक घेतला, लांबडीने आपला. रेडिओने नाही. तिच्या घरी मशीनवर चार जणांचं पोट, वेगळा अंक कुठून घेणार ती? आणि तसं कोणी म्हणणारही नाही. "अभ्यास आहे" म्हणाली म्हणे.

नात पलंगावर पालथी पडून वाचत होती. अगदी त्यांच्या चित्रातल्यासारखी. तोंड भिंतीकडे.

मंगळवार, ३ एप्रिल

नातच बोलली. "आजी, यावेळी पोस्टरवर कवी आणि मागे तुझा ड्रमवाला आहे. त्याची मुलाखतपण आहे. वाचू?" वाचली. नीट वाचली, पण सपक. मध्येच थांबली. "मला नाही गं जमत रेडिओसारखं. एकटीने वाचलं की पाच मिनिटांत संपतो अंक."

मग मला राहवलं नाही. सांगून टाकलं — चष्मेवालीला काय काय बोलले ते.

"आजी! तिघींत एक, हे तू सांगितलंस?"

"विचारलं म्हणून—"

"टेप चालू असताना!"

हसेल असं वाटलं होतं. नाही हसली. पांघरूण डोक्यावरून घेतलं.

शुक्रवार, ६ एप्रिल

हो. नाही. माहीत नाही.

शनिवार, ७ एप्रिल

उशीचे अभ्रे शिवून घ्यायचं निमित्त काढलं आणि गेले शिवणकामवाल्या बाईंकडे. जिना चढताना गुडघे ओरडत होते, आणि वरून आवाज येत होते — खोडकर, लाजरा, कवी, सगळे! म्हटलं, पोरीने घेतला की काय अंक? आत बघते तर रेडिओ जमिनीवर बसून जुन्या कपड्याची उसवण काढतेय, समोर तिची धाकटी, आणि अंकबिंक काही नाही. मनानेच रचत होती! खोडकराची बॅग हरवलीय, कवीने त्यावर कविता केलीय, ती कोणाला आवडली नाही. आणि ड्रमवाला म्हणतोय, "बॅग माझ्याकडेच आहे, पण मला कोणी विचारलंच नाही." मी उंबऱ्यातच हसायला लागले.

मला बघून मांडीवरचं कापड सारखं केलं.

म्हटलं, "चल की आमच्याकडे. पुढच्या शनिवारी."

"मला आता आवडत नाही ते, आजी."

"आत्ता ऐकलं मी काय आवडत नाही ते!"

दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, "माझ्याकडे अंक नाही."

"अंक दोन पडलेत. वाचणारी नाही."

तिची आई मशीन थांबवून बघत होती, पण मध्ये बोलली नाही. शहाणी बाई. रेडिओ दोरा तोडून म्हणाली, "त्या दोघींनी बोलावलं तर येईन. तुम्ही बोलावलंत म्हणून नाही, आजी."

बरोबरच आहे तिचं. मी काय, मी कोणालाही बोलावते.

रविवार, ८ एप्रिल

नातीला जसंच्या तसं सांगितलं. बॅगेची गोष्टही. ऐकताना ओठ दाबून ठेवले होते, पण ड्रमवाल्यापाशी फुटली! मग पायांत चपला घातल्या. म्हटलं, कुठे? "आधी लांबडीकडे," म्हणाली. "मग दोघी मिळून तिकडे."

दारातून परत वळली. "आणि आजी, आता कोणी टेपवाली आली तर—"

म्हटलं, कळलं गं बाई, कळलं.

शनिवार, १४ एप्रिल

पहिली आली ती लांबडी, काय आश्चर्य! दाराशीच म्हणाली, "आजी, मी आत येऊ ना?" जशी मीच भांडले होते हिच्याशी. मग नात खालून रेडिओला घेऊन आली. पाच मिनिटं तिघी खिडकीबाहेर बघत बसल्या. शेवटी रेडिओने ड्रमवाल्याच्या आवाजात विचारलं, "मला कोणी विचारलंच नाही, पण चहा आहे का?" झालं!

नवा अंक एकच आणला होता. लांबडीनेच. म्हणाली, "पुरतो की." हे माझं वाक्य हिला कोणी सांगितलं? नातीकडे बघितलं तर ती छताकडे बघत होती.

मग पाठीला पाठ चिकटलेल्या मुलांचं काय करायचं? रेडिओ म्हणाली, आमच्याकडे शिवलेले कपडे दोरीला टांगतात, पुढून मागून दोन्हीकडून दिसतात. लगेच माझ्या खाटेपासून नातीच्या पलंगापर्यंत दोरी बांधली, खोलीच्या मधोमध. चिमटे लावून दोन पानं अडकवली आणि पंखा सोडला. गिरकी घेतली की खोडकर, गिरकी घेतली की लाजरा. शेजारी कवी, आणि त्याच्या पाठी माझा, या एवढ्या मोठ्या दंडांचा!

सूनबाई दुकानातून आली ती थेट कवीच्या तोंडावर आदळली. म्हणाली, "हे काय आता?" कोणाला सांगता येईना हसण्यामुळे. मग तीही बसली. "वाच गं," रेडिओला म्हणाली, "पण नाकातला आवाज आधी काढ."

सोमवार, १६ एप्रिल

अंकाच्या कचेरीतून फोन. चष्मेवालीच. नवी पोस्टरं मुलींना कशी वाटली ते बघायला परत येतो म्हणाल्या. "आणि आजी, तुमच्याशी निवांत बोलायचंय."

म्हटलं, या की! मुली काय, हल्ली एकमेकींचं तोंड बघत नाहीत हो. ज्याची त्याची पानं, ज्याची त्याची भिंत.

बुधवारी चारला येणार. मंगळवारी संध्याकाळी दोरी सोडून लपवायची.