आधी कंदील

शेंद्रा
३० मार्च २०२५

चि. संध्यास, आईचे अनेक आशीर्वाद व जय भीम.

फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू घाईत बोलतेस, म्हणून हे पत्र राजकुमारच्या हाती देते आहे. तुझा हा चुलतभाऊ पुंडलिकनगरहून रोज इथल्या कंपनीत येतो. तुला मात्र विद्यापीठातून तासाभराच्या वाटेवर आईकडे यायला सवड नाही!

तू म्हणालीस, पांढऱ्या पुडीवर तांब्याचे कण चढवून दिव्याच्या उजेडात ठेवले, तर कार्बन डायऑक्साइडपासून जळणारा वायू तयार होतो. मला विज्ञान कळत नाही, पण कार्बन डायऑक्साइड हे नाव मी विसरणार नाही. विहिरीचा गाळ काढायला उतरलेल्या तुझ्या बाबांना त्यानंच गिळलं. यंदा स्मृतिदिनाला विहारातली मेणबत्ती त्याच वायूपासून केलेल्या जाळानं लावायची, असं मी महिला मंडळात सांगून बसले आहे. मुक्ताबाई म्हणाल्या, पोरीनं बापाचे पांग फेडले.

तेवढं घेऊन ये. वेळेवर जेवत जा.

तुझी आई,
रत्नमाला


पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
६ एप्रिल

ती. आईस, संध्याचा सप्रेम जय भीम वि. वि.

मुळात तो वायू इतका थोडा, की त्यानं मेणबत्ती लागली नसतीच. पण त्याहून वाईट सांगायचं आहे. परवा मी तीच पूड, तोच दिवा ठेवला. फक्त कार्बन डायऑक्साइड भरलाच नाही. तरीही जळणारा वायू आला, जवळजवळ तेवढाच. म्हणजे बाबांना नेणाऱ्या वायूपासून तो आलाच नव्हता. तांबं चढवताना वापरलेल्या रसायनाचा अंश पुडीत राहिला होता, उजेडात तोच फुटत होता. ही पडताळणी सगळ्यात आधी करायची असते. मी आकडे बघून हुरळून गेले.

आमचा लेख छापायला गेला आहे. सरांना सांगितलं तर तो मागे घ्यावा लागेल आणि माझी पीएचडी लांबेल. सोबतचा सार्थक म्हणतो, गप्प बस, कोण तपासायला येतंय? आई, मला काही सुचत नाही. आणि तू मंडळात काय सांगशील?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
संध्या


शेंद्रा
८ एप्रिल

चि. संध्यास, अनेक आशीर्वाद व जय भीम.

पत्र वाचून वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, लई वाटलं.

तुझे बाबा विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचे. तो विझला की उतरायचं नाही, असा त्यांचा नेम. त्या दिवशी वरची माणसं घाईला आली होती. कोणीतरी म्हणालं, मोतीराम, कालच तर उतरला होतास, आज कशाला पाहिजे कंदील? कंदील घरीच राहिला. तेव्हापासून तो माळ्यावर आहे. माझ्यानं बघवत नाही.

पोरी, तू उशिरा का होईना, कंदील सोडलास. तो विझला. आता वरची माणसं काहीही म्हणोत, तू उतरू नकोस. सरांना सांग. मंडळात मी आजच सांगून आले. मुक्ताबाईंनी माझ्यासाठी चहा ठेवला.

जिवाला लावून घेऊ नकोस.

तुझी आई,
रत्नमाला


पुंडलिकनगर
२ मे

ती. आईस, सप्रेम जय भीम वि. वि.

सरांना सांगितलं. लेख मागे घेण्याचं पत्र त्यांनी स्वतःच लिहिलं. माझं वर्ष गेलं, आई. पण झोप लागते आहे.

पूड भाजून स्वच्छ केली. आधी कार्बन डायऑक्साइड न भरता चालवून बघितलं. काहीच आलं नाही. मग तो भरला. पहिल्याच्या दहाव्या हिश्श्याइतका जळणारा वायू आला. पुन्हा केलं, पुन्हा तेवढाच. त्यानं काडीसुद्धा पेटणार नाही, पण हा खरंच त्याच वायूपासून आलेला आहे.

स्मृतिदिनाला मी रिकाम्या हातानं येते आहे. माळ्यावरचा कंदील खाली काढून ठेव. काच मी पुसेन. विहारातली मेणबत्ती त्याच्यावरूनच लावू.

माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
संध्या