पिल्लांना कोण भरवतं

प्रिय आईस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. मी मजेत आहे. बाबांचा खोकला थांबला का?

शेजारणीची पाळलेली, चिमणीएवढी फिंच पक्षीण मांजरानं नेली, म्हणून तिची तीन पिल्लं मी घरी आणली. दर दोन तासांनी ड्रॉपरनं धान्याचं कोमट, पातळ पीठ भरवायचं. आमचं चष्म्याचं दुकान खालीच आहे, म्हणून मालक सोडतात. "निघाली बाळंतीण!" म्हणून सगळे हसतात.

सोमवारी दुपारी वर आले, तर पिल्लांचे गळे आधीच फुगलेले. कातडी इतकी पातळ, की खाल्लेलं बाहेरून दिसतं. ड्रॉपरही ओला होता. शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, "अगं, किल्ली तुझ्याकडे. मी कशी येणार?"

मी कुलूप बदललं. तरी रोज तेच.

मग मला ताप आला. रागावू नकोस, आता उतरलाय. दोन दिवस पोटात कण नव्हता. भरदुपारी डोळा लागला. जाग आली तेव्हा ओठ ओले होते, जिभेवर त्या कोमट पिठाची चव होती. खोक्यातली तिन्ही पिल्लं चोची वासून माझ्या उशाकडे बघत होती. तिथे कुणीच नव्हतं.

खोली बदलणार होते. पण पिल्लांना पंख फुटेपर्यंत थांबते.

परक्या गावात पोरीला कोण विचारणार, म्हणून तू रडतेस, असं ताईनं कळवलं. आई, रडू नकोस. इथे कुणीतरी विचारतंय.

तुझी,
धाकटी